वाळपईला येताय? मग हे वाचून या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर वाळपईचं. निम्मे नातेवाईक पुण्या-कोल्हापुरात आणि बेळगावात. त्यामुळं दर सुट्टीच्या तोंडावर फोन वाजतो आणि तेच प्रश्न येतात. पाच-सहा वर्षं तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवलं. क्रम सोप्याकडून अवघडाकडं आहे. एक गोष्ट दोनदा सांगितलेली नाही, तेव्हा कंसातले आकडे बघून पुढं-मागं जा.

१. वाळपई म्हणजे गोव्यात नेमकं कुठं? समुद्र किती लांब?

समुद्राच्या बरोबर उलट्या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सत्तरी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण, पणजीपासून सुमारे ४५ किलोमीटर. सत्तरी म्हणजे सत्तर गावांचा मुलूख. नगरपालिका आहे, बसस्थानक आहे, हनुमानाचं देऊळ, लूर्द मातेची चर्च आणि मशीद आहे, पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे. बाकी सगळं शेतकऱ्याच्या गरजेचं: कोयते, पंप, खतं, छत्र्या, भाजी-पाव. ज्याला सकाळी किनारा आणि संध्याकाळी जंगल असं दोन्ही हवंय, त्यानं इथं मुक्काम करू नये. अर्धा दिवस गाडीतच जाईल.

२. कसं यायचं?

पणजीहून दोन वाटा: म्हापसा-डिचोली-साखळी-होंडामार्गे, नाही तर फोंडा-उसगावमार्गे. कदंबच्या (सरकारी) आणि खासगी बस दोन्हीकडून मिळतात. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांनी थिवीला उतरावं. बेळगावकर चोर्ला घाट उतरून केरीला येतात; तिथून साखळी, होंडा, वाळपई. जुलै-ऑगस्टात त्या घाटात धुकं इतकं दाट असतं की समोरच्या ट्रकचा मागचा दिवा हाच रस्ता. अंधार पडायच्या आत उतरा.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल आणि रोख पैसे वाळपईतच घ्या. पुढच्या गावांत दोन्हीचा भरवसा नाही आणि डोंगराकडं मोबाइलची रेंजही जाते-येते. फोनमधला नकाशा जंगलातली वाट हमरस्त्यासारखी दाखवतो. त्याच्या नादानं एकदा मी पाहुण्यांना घेऊन ओढ्यात गेलोय. आता तिठ्यावर उभ्या माणसालाच विचारतो.

३. कोणत्या महिन्यात यावं?

याचं उत्तर तुम्हाला काय बघायचंय यावर आहे, कारण इथले ऋतू शेताप्रमाणं चालतात, सुट्ट्यांप्रमाणं नाही.

जून ते सप्टेंबर पाऊस. तो 'पडतो' म्हणणं कमीच आहे. वाळपई गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, आणि आम्ही तो अजून इंचांतच मोजतो. हंगामात दीडशे इंच ओलांडले तर कोणी मान वर करून बघत नाही. या दिवसांत भातलावणी, धबधबे, नदी (प्रश्न ११) आणि रानभाज्या (प्रश्न १३). कपडे वाळणार नाहीत आणि वीज जाईल, हे मनाशी धरून या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षी बघणाऱ्यांसाठी. पहाटे गारवा असतो, धनेशाच्या पंखांचा आवाज आधी ऐकू येतो आणि पक्षी मागून दिसतो. सुपारी उतरवायचे, सोलायचे, वाळवायचे दिवसही हेच.

मार्च ते मे काजू. उकाडा भयंकर, पण मला स्वतःला विचाराल तर सत्तरी खरी कळते ती याच दिवसांत. आख्खा तालुका बोंडवाच्या वासानं भरलेला असतो (प्रश्न ८).

ऑक्टोबर मात्र टाळा. ऊनही चटका देतं आणि पाऊसही भिजवतो.

४. किती दिवस पुरतात? राहायची सोय?

दोन रात्री. गावात साधी लॉजं आहेत. आजूबाजूच्या गावांत काही घरांनी आणि कुळागरवाल्यांनी (प्रश्न १४) खोल्या काढल्यात. आधी फोन करून या. घरगुती ठिकाणी रात्री साडेआठला जेवण म्हणजे साडेआठलाच. काकी तुमच्यासाठी दहापर्यंत चूल पेटती ठेवणार नाहीत.

५. 'ऐतिहासिक गाव' म्हणतात, पण आम्ही आलो तर किल्लाच दिसला नाही!

दिसला असेल, ओळखला नसेल. नाणूसचा किल्ला वाळपईच्या अगदी जवळ आहे, पण बुरूज, दरवाजा, तोफ असं चित्र डोक्यात घेऊन गेलात तर निराश व्हाल. मातीत आणि झाडीत मिसळलेले अवशेष आहेत. तिथं डोळ्यांपेक्षा इतिहास जास्त लागतो, म्हणून थोडा सांगतो.

सत्तरी अठराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडं गेली. जुन्या गोव्याजवळचे तालुके तोवर अडीचशे वर्षं त्यांच्या ताब्यात होते; आमचा भाग 'नव्या काबिजादीं'तला, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखातला. इथं राणे घराण्याचा दबदबा होता आणि त्यांनी पोर्तुगीजांना स्वस्थ बसू दिलं नाही. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला काबीज केला आणि पुढं सुमारे साडेतीन वर्षं जंगलाच्या आधारानं लढा दिला. १८५५ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. नंतर कुष्टोबा राणे यांचं बंड. मग १८९५: मोझांबिकला जायला नकार देऊन पोर्तुगीज फौजेतले मराठा शिपाई छावणीतून निघाले ते थेट नाणूसला आले, दादा राणे त्यांना मिळाले, आणि ते बंड मोडायला लिस्बनहून फौज पाठवावी लागली. तिच्याबरोबर खुद्द पोर्तुगालच्या राजाचा भाऊ आला होता.

किल्ल्यावर उभं राहून डोंगरांकडं बघा. मूठभर माणसं वर्षानुवर्षं का सापडली नाहीत, ते समोरच दिसतं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, तेव्हा जाऊ नका.

६. देवळं आणि जुनी शिल्पं बघण्यासारखी कुठली?

दोनच सांगतो. पहिलं ब्रह्म करमळी, वाळपईपासून सातेक किलोमीटर. ब्रह्मदेवाचं पूजेत असलेलं देऊळ देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, त्यांतलं हे एक. कदंबकालीन दगडी मूर्ती सोळाव्या शतकात तिसवाडीतल्या करमळीहून पोर्तुगीजांच्या भीतीनं इकडं हलवली. देवाबरोबर गावाचं नावही आलं. मूर्तीच्या कोरीवकामासाठी निवांत वेळ काढा.

दुसरं म्हाऊस गाव. झर्मे नदीच्या पात्रातल्या काळ्या खडकांवर वशिंडाचे बैल आणि इतर आकृत्या कोरल्यात. अभ्यासक त्या नवाश्मयुगापर्यंत मागं नेतात. पावसात त्या पाण्याखाली असतात. उन्हाळ्यात सकाळच्या तिरप्या उन्हात जा. दुपारी डोक्यावर सूर्य असताना सगळा खडक सपाट दिसतो आणि लोक 'काहीच नाही' म्हणून परततात. शिल्पांवर पाणी ओतून, खडूनं रेघा ओढून फोटो काढू नका. त्यांवर पाय देऊन उभं राहू नये हेही सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

७. म्हादई अभयारण्यात सफारी आहे का? वाघ दिसेल?

ताडोबासारखी जिप्सीत बसून सफारी इथं नाही. हे सदाहरित आणि दमट पानगळीचं दाट जंगल. पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं. राष्ट्रपती राजवट असताना १९९९ मध्ये तेव्हाच्या राज्यपालांनी ते घोषित केलं. साट्रे, करंझोळ, कुमठळ, चरावणे अशी गावं त्यानं अभयारण्यात आली. जंगल आणि शेत यांच्यामध्ये इथं कुंपण नाही, आणि भांडणाचं मूळही तेच.

वाघ आहे. पण तुम्हाला दिसणार नाही. जन्मभर इथं राहिलेल्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही. दिसतील ती शेकरं, वानरं, नशिबात असेल तर गवे, पावसात झाडावरचे हिरवे उडते बेडूक आणि चापडे साप. नागराज इतका आहे की घराच्या पडवीतून त्याला पकडून नेल्याच्या बातम्या आम्हाला नव्या नाहीत.

वाघाबद्दल गावात सहज गप्पा मारायला जाऊ नका. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले. आधी गुरं मारली गेली होती. दुभती म्हैस गेली की घराचं काय होतं हे ज्याला माहीत आहे, तो या प्रकरणावर पटकन निकाल देत नाही. मी वाघांच्या बाजूचा आहे, तरी देत नाही. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून 'व्याघ्र प्रकल्प' हा शब्द चहाच्या गाड्यावर उच्चारला की दोन तट पडतात. पाहुण्यानं चहा प्यावा.

लहान मुलांना प्राणी दाखवायचेच असतील तर उसगावच्या बाजूला बोंडला आहे. आठ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, त्यात प्राणिसंग्रहालय. गुरुवारी बंद असतं. दर वर्षी कोणी ना कोणी गुरुवारीच जातं.

८. काजूची भाटी बघायला मिळेल का?

मिळेल, मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत. पण भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, हा कोणाच्या तरी घरचा वर्षाचा धंदा आहे, प्रयोग दाखवण्याची जागा नाही. आधी विचारा, कामाच्या मध्ये येऊ नका, आणि निघताना काहीतरी विकत घ्या.

बघायचं काय? पहिली गोष्ट, बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेला वेचतात, काठीच्या टोकाला खिळा लावून. बी पिळून वेगळी करतात. ती सुकून गराच्या धंद्याला जाते. बोंडू कोळमीत टाकून तुडवतात. कोळमी म्हणजे रस गळायला बाजूला भोक ठेवलेला खळगा, पूर्वी खडकातच खोदलेला. तुडवून उरलेला चोथा बांधून त्यावर दगड ठेवतात; रात्रभर थेंब थेंब गळतो तो नीरो. सकाळी तो थंडगार प्यायचा. दुपारपर्यंत ठेवलात तर तो नीरो राहत नाही.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबतो आणि मग भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढतो. माझ्या मामाच्या भाटीवर संध्याकाळी बसलं की सगळे गप्प असतात, कारण कान भाणाकडं लागलेले. आच जास्त झाली तर वाफेला करपट वास येतो. मामा लाकूड थोडं बाहेर ओढतो, नळीखालचा थेंब बोटावर घेऊन चोळतो, हुंगतो आणि म्हणतो, "राव रे मातसो." थांब जरा. पहिल्या धारेची ती हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांची. ती पुन्हा रसाबरोबर चढवली की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामाचं मानांकन अजून बोटावरच आहे.

९. हुर्राक घरी नेता येईल?

ती टिकत नाही. हंगामातच आणि ताजीच प्यायची. लिंबू, मीठ, मिरची आणि लिंबूसोडा घालून. गोड लागते म्हणून पाण्यासारखी पिऊन चोर्ल्याच्या वळणांवर गाडी काढू नका. फेणी टिकते, पण महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात न्यायची तर अबकारी परवाना लागतो. दुकानदाराकडून बिल घ्या आणि परवान्याचं त्यालाच विचारा. सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या तपासतात. 'घरगुती आहे हो' हे कारण तिथं चालत नाही.

१०. माकडतापाचं ऐकलं. यावं की नको?

यावं, पण जानेवारी ते मे या काळात काळजी घेऊन. हा विषाणूजन्य ताप गोचिडीच्या चावण्यानं होतो. गोव्यात तो प्रथम २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आढळला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक काजू वेचायला पाचोळ्यात वाकलेले असतात. माणसाकडून माणसाला तो लागत नाही.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे थेट धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर लांबून वन खात्याला कळवा. घरी गेल्यावर आठवडा-पंधरवड्यात जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरांना 'सत्तरीच्या जंगलात होतो' हे आवर्जून सांगा. पुण्यातल्या डॉक्टरांच्या ते डोक्यात येईलच असं नाही.

११. धबधबे आणि राफ्टिंगला परवानगी लागते?

चरावणे, हिवरे, पाली इथले धबधबे वन खात्याच्या हद्दीत. नाक्यावर नाव नोंदवून शुल्क भरावं लागतं. बुडण्याच्या घटना झाल्या किंवा पाऊस फार झाला की खातं प्रवेश बंद करतं, कधी आदल्या रात्री. निघायच्या सकाळी चौकशी करा. बंद असेल तर गावातल्या पोराला पन्नास रुपये देऊन मागच्या वाटेनं जाऊ नका. डोंगरावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम चढतं.

राफ्टिंग पावसाळ्यात, म्हादईवर उस्ते ते सोनाळ असं साधारण दहा किलोमीटर. पर्यटन महामंडळामार्फत नोंदणी होते. पोहता न येणाऱ्यालाही जॅकेट घालून घेतात, पण नदीला किती पाणी आहे यावर सगळं ठरतं. हीच म्हादई पुढं मांडवी होऊन पणजीच्या कॅसिनोंखालून जाते. तिच्या पाण्यावरून कर्नाटकाशी काय चाललंय ते नावाड्याला विचारा. राफ्ट किनाऱ्याला लागली तरी उत्तर संपणार नाही.

१२. रात्री रस्त्यात गवा आडवा आला तर?

थांबा. हॉर्न नको, मोठा दिवा नको, खाली उतरून फोटो तर अजिबात नको. एक दिसला म्हणजे मागं कळप असतो. शेवटचा जाईपर्यंत थांबायचं. दुचाकीवाल्यांनी शक्यतो अंधारात जंगलातले रस्ते टाळावेत. गोव्याचा हा राज्यप्राणी आहे हे शेतकऱ्याला कौतुकानं सांगू नका. रात्रीत त्याची केळ झोपवणारा हाच.

१३. खायला काय खास?

सकाळी बाजारात भाजी-पाव आणि मिरचीची भजी. पावसात तायकिळा, तेरं, कुड्डूक, बांबूचे कोंब. हळदीच्या पानातल्या पातोळ्या कोणी घरी बोलावून दिल्या तर नाही म्हणू नका. वारुळावरची अळमी (रानातली अळंबी) जुलैच्या आसपास रस्त्याकडेला पानात बांधून विकायला येतात, आणि भाव ऐकून मासे स्वस्त वाटतात. अभयारण्यातून ती काढायला बंदी आहे, त्यामुळं 'आम्हाला जंगलात नेऊन अळमी काढायला दाखवा' ही मागणी करू नये.

१४. कुळागर सुंदर आहे, अशीच जागा विकत मिळेल का?

हा प्रश्न आता जेवणाच्या ताटावर येतो. कुळागर म्हणजे पाटाच्या पाण्यावरची सुपारी, खाली केळी, सुपारीला चढवलेली मिरी, मधूनच नारळ, कोकम, फणस. पाट रोज वळवायला माणूस लागतो. विकत घेऊन कुलूप लावलं तर तीन उन्हाळ्यांत वाळतं.

त्याहून मोठी अडचण कागदाची. इथली कित्येक गावं राण्यांकडं मोकासो (इनाम) म्हणून होती. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांच्या नावावर आजही जमीन लागलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून पेटलं ते याच जखमेवर बोट पडल्यामुळं. सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. तेव्हा 'ताबा माझा आहे, सही करून देतो' असं कोणी म्हणालं तर वकिलाशिवाय एक रुपया देऊ नका. आणि माझ्याकडं दलालाचा नंबर मागू नका.

१५. शिगमो (आमचा शिमगा) बघायला बाहेरच्यांना येऊ देतात?

येऊ देतात. घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात. झर्मे, करंझोळच्या बाजूला रणमाले हे लोकनाट्य होतं. तारखा तिथीवर आणि गावागणिक वेगळ्या, म्हणून महिनाभर आधी मला 'नक्की तारीख' विचारलीत तर 'होळीनंतर' एवढंच सांगेन. झर्म्याच्या चोरोत्सवाबद्दल एक विनंती: चोर समजून मारल्या गेलेल्या निरपराध माणसांची ती आठवण, असं गावकरी सांगतात. माणसांना जमिनीत पुरल्याचं दृश्य असतं. बघताना हसत व्हिडिओ करणारे पाहुणे गावाला आवडत नाहीत. चपला काढा, पुढं घुसू नका.

१६. आम्ही आमचा कुत्रा आणतो आहोत. चालेल ना?

अभयारण्यात नाही चालणार. मुक्कामाला घरमालक हो म्हणाले तर आणा, पण रात्री खोलीत घ्या, अंगणात बांधून ठेवू नका. बिबट्या येतो. आमच्या वाडीवर गेल्या पावसात सकाळी नुसती साखळी उरली होती.